सेल्फ घेते, पण चालू होत नाही: जुन्या गाडीतला दोष जागेवर कसा शोधायचा

किल्ली फिरवली की सेल्फ इंजिन नीट फिरवतो, पण इंजिन पकडत नाही. इथे बहुतेक जण बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत राहतात, नाहीतर थेट कार्बोरेटर खोलायला बसतात. त्याआधी दहा मिनिटांत एकच प्रश्न सोडवायचा असतो: प्लगपर्यंत करंट येत नाही, की पेट्रोल? हे कळल्याशिवाय एकही नट ढिला करू नका. दुसरं म्हणजे तपासणी गाडी बंद पडलेली असतानाच करा. सोलापूरच्या उन्हात निम्मे दोष इंजिन गार झालं की आपोआप गायब होतात, आणि गॅरेजला नेलेली गाडी फिटरसमोर शहाण्यासारखी चालू होते.

खालची माहिती मुख्यतः कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी आहे: जुनी मारुती ८००, ओम्नी, जिप्सी, पद्मिनी, पेट्रोल अ‍ॅम्बेसेडर. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो त्या) गाड्या आणि जुन्या डिझेल जीपबद्दल शेवटी लिहिलं आहे.

जवळ हे असू द्या: प्लग पाना, दहाचा आणि बाराचा पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प (मल्टिमीटर असेल तर उत्तम), ४०० नंबरचा पॉलिश पेपर, सुती फडकं, अर्ध्या लिटरची रिकामी बाटली. बिडी-सिगारेट लांब. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला.

आधी आवाज ऐका

सेल्फ रडत-रडत फिरत असेल तर पुढचं सगळं सोडा आणि बॅटरीकडे बघा. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर सेल्फ कसाबसा फिरतो, पण कॉइलला पुरेसा दाब मिळत नाही आणि करंट मरतो. उन्हाळ्यात इथे बॅटरीचं पाणी झपाट्याने उडतं. प्लेटांच्या वर साधारण १० मिलिमीटर पाणी हवं, आणि तेही डिस्टिल्ड, नळाचं नाही. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा. बॅटरी चांगली असूनही सेल्फ मंद असेल तर इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी बघा. ती गंजली की सगळे बॅटरीवर संशय घेतात आणि नवी बॅटरी विनाकारण येते.

उलट सेल्फ नेहमीपेक्षा जोरात, एकसुरी गर्रर्र फिरत असेल, मधले ठोके ऐकूच येत नसतील, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलं आहे. बहुतेक वेळा टायमिंगचा पट्टा तुटलेला असतो. तिथेच थांबा, काही इंजिनांत पट्टा तुटल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात. खात्री करायची तर डेल्कोचं (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) झाकण काढा आणि कुणाला तरी क्षणभर सेल्फ मारायला सांगा. मारुती ८०० मध्ये डेल्को कॅमशाफ्टवर चालतो, त्यामुळे झाकणाखालचा फिरता रोटर जागचा हलला नाही तर पट्टा गेलाच समजा.

आवाज नेहमीचा असेल तर पुढे चला. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट सोडा. सेल्फ नीट फिरवत असताना गाडी ढकलण्यात अर्थ नाही. जे काम सेल्फ करतोय तेच माणसं करणार.

लाज वाटणाऱ्या गोष्टी

या तपासा म्हणजे नंतर हसं होणार नाही. पेट्रोलचा काटा अडकलेला असू शकतो: गाडी हलवा, टाकीत खळखळ ऐकू येते का बघा. गॅस किट असेल तर स्विच मधल्या जागी राहिलाय का? तिथे पेट्रोलही बंद आणि गॅसही बंद. आधीच्या मालकाने डॅशबोर्डखाली चोर स्विच बसवलेला असतो, सेकंडहँड गाडीत तो गुडघा लागूनही बंद होतो. फ्यूज बघा. गाडी महिनाभर उभी असेल तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का, एअर फिल्टरच्या डब्यात घरटं केलंय का, तेही बघा. शेताजवळ, कडब्याच्या गंजीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत हे नेहमीचंच.

करंट तपासणं

कुठलाही एक प्लग काढा. काढण्याआधी भोवतीची धूळ फुंकून घ्या, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाईल. आता प्लगच्या टोकाकडे नीट बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. टोक पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल येतंय, पण पेटत नाही, किंवा गरजेपेक्षा जास्त येतंय. कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचलेलंच नाही.

प्लग पुन्हा त्याच्या वायरला लावा. त्याचा आट्यांचा भाग इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा, वायर इन्सुलेशन असलेल्या पकडीने धरा आणि सेल्फ मारायला सांगा. प्लगच्या उघड्या भोकापासून लांब टेकवा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. निळा, टिक-टिक आवाज करणारा करंट, म्हणजे ठिणगी, हवा. पिवळसर-लाल, बारीक करंट बाहेर दिसला तरी सिलिंडरमधल्या दाबाखाली तो विझतो, म्हणून त्याला "करंट आहे" असं म्हणू नका. मारुती ८०० च्या प्लगमधलं अंतर ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा.

प्लगला करंट नसेल तर कॉइलमधून डेल्कोकडे जाणारी मधली जाड वायर डेल्कोच्या बाजूने काढा. तिचं टोक इंजिनच्या धातूपासून ५-६ मिलिमीटरवर धरून सेल्फ मारा. ही वायर मोकळी लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका, कॉइल किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूल जळतं. इथे जोरदार करंट आला आणि प्लगला नाही, तर दोष मधल्या वाटेत आहे: डेल्कोचं झाकण, रोटर, प्लगच्या वायरी. झाकणाच्या आत झाडाच्या मुळीसारखी काळी बारीक रेघ दिसली तर करंट तिच्यावरून पळतोय. ती रेघ घासून जात नाही, झाकण बदला. मधला छोटा कार्बन स्प्रिंगवर खालीवर होतो का बघा. पावसाळ्यात झाकण आतून नुसतं दमट झालेलं असतं, कोरड्या फडक्याने पुसलं की काम होतं.

मधल्या वायरलाही करंट नसेल तर टेस्ट लॅम्प घ्या. त्याचा चिमटा बॉडीला लावा, किल्ली ऑन करा आणि टोक कॉइलच्या प्लसला लावा. लॅम्प लागला नाही तर कॉइलपर्यंत वीजच येत नाही: फ्यूज, किल्लीचा स्विच, चोर स्विच. लागला तर टोक मायनसला लावून सेल्फ मारा. लॅम्प लुकलुकला तर पॉइंट (डेल्कोतला, कॉइलची वीज जोडणारा-तोडणारा संपर्क) किंवा मॉड्यूल काम करतंय आणि संशय कॉइलवर जातो. सलग लागून राहिला तर पॉइंट जोडला जात नाहीये: जळालेला, तेलकट, किंवा अंतर जास्त. लागलाच नाही तर पॉइंट उघडत नाही, किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे, किंवा कॉइल आतून तुटली आहे. पॉइंटच्या गाडीतला बहुतेक गोंधळ या एका लॅम्पने सुटतो.

पॉइंटचं अंतर ०.४ ते ०.५ मिलिमीटर. इंजिन हाताने फिरवून पॉइंटचा फायबर कॅमच्या सर्वांत उंच टोकावर आणा आणि तिथेच माप घ्या, नाहीतर सेटिंग चुकतं. फीलर गेज नसेल तर लग्नपत्रिकेचा जाडसर पुठ्ठा घरी पोचण्यापुरता चालतो. पॉइंट ४०० च्या पेपरने हलका घासा आणि नंतर कोरा कागद मधून ओढून भुकटी काढा. पॉइंट वारंवार जळत असेल आणि करंट पिवळा असेल तर कंडेन्सर बदला. स्वस्त वस्तू आहे, एक डिकीत ठेवावा.

मल्टिमीटर असेल तर कॉइलचं माप घ्या. प्लस-मायनसमध्ये साधारण ३ ओम, बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारी वीज कमी करणारा रोधक) असलेल्या गाडीत सुमारे दीड. मायनस आणि जाड वायरच्या मधल्या भोकात काही हजार ओम. अनंत दाखवलं तर कॉइल गेली.

एक खूण पाठ ठेवा: किल्ली स्टार्टला असेपर्यंत इंजिन पकडतं आणि किल्ली सोडताच मरतं. इथे पेट्रोलला हात लावू नका. स्टार्टच्या वेळी वीज बॅलास्टला वगळून थेट कॉइलला जाते, किल्ली सोडली की बॅलास्टमधून. म्हणजे बॅलास्ट तुटलाय किंवा किल्लीचा स्विच झिजलाय.

वायरी काढल्या असतील तर क्रम जपा. मारुती ८०० चा फायरिंग ऑर्डर १-३-२, पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरचा १-३-४-२. दोन वायरींची अदलाबदल झाली की कार्बोरेटरमधून फटाके फुटतात.

पेट्रोल तपासणं

एअर फिल्टरचं झाकण काढा, किल्ली बंद ठेवा, कार्बोरेटरच्या घशात बघत एक्सलेटरची तार हाताने ओढा. पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे. उडाली तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. नाही उडाली तर वाटी रिकामी आहे किंवा आतलं डायफ्रॅम फाटलंय.

नक्की करायला चहाच्या एका चमच्याएवढं, म्हणजे ५ मिलिलिटर पेट्रोल घशात सोडा, झाकण परत बसवा, मगच सेल्फ मारा. झाकण उघडं ठेवून चेहरा वर धरणाऱ्यांच्या भुवया जातात. गाडी दोन-तीन सेकंद चालून बंद झाली तर करंट, टायमिंग, कॉम्प्रेशन सगळं ठीक आहे आणि दोष फक्त पेट्रोलच्या वाटेत आहे.

आता ती वाट उलटी चालत जा. कार्बोरेटरकडे येणारा पाइप काढून बाटलीत सोडा, कॉइलच्या प्लसची वायर काढून ठेवा, १० सेकंद सेल्फ मारा. ठोक्याठोक्याने जाड धार आली तर एसी पंप (इंजिनवर बसवलेला पेट्रोलचा पंप) चांगला आहे आणि दोष कार्बोरेटरमध्ये: फ्लोटची सुई चिकटलीय किंवा जाळीत कचरा आहे. वाटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके दोन टोले मारा, चिकटलेली सुई बऱ्याचदा सुटते. जेट उघडलाच तर हवेने फुंका. तारेने टोचू नका, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल पिते.

धार आली नाही किंवा नुसते बुडबुडे आले तर आधी टाकीचं झाकण उघडा. सुस्स आवाज येऊन हवा आत गेली तर झाकणाचं हवेचं भोक धुळीने बुजलंय. मग फिल्टर बघा. मग टाकी ते पंप हा रबरी पाइप: त्याला बारीक चीर असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते, त्यामुळे डोळ्यांनी दोष दिसतच नाही. पंपाचं डायफ्रॅम फाटलं असेल तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइल वाढलेलं आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पंप आणि ऑइल दोन्ही बदलल्याशिवाय गाडी चालू करू नका.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्यात ऊस मुबलक, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार! पण जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि डायफ्रॅम या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, आतून सुटलेले रबराचे कण जेटमध्ये बसतात. शिवाय टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सुटून फिल्टरमध्ये येतो. म्हणून पाइप इथेनॉल सहन करणारेच मागा आणि फिल्टर लवकर बदला. इथेनॉल पाणी ओढतं. चार-सहा महिने उभ्या गाडीत तळाशी पाणी वेगळं होतं आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो. ते काढून टाका आणि ताजं ३-४ लिटर भरा.

तापलेली गाडी चालू होत नाही

हा सोलापूरचा खास आजार. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो. अक्कलकोटला दर्शनाला गेलात, गाडी उन्हात लावली, अर्ध्या तासाने परत आलात आणि गाडी नुसती सेल्फ घेते. चालत्या इंजिनाला हवा लागत असते. बंद केल्यावर ती थांबते आणि बॉनेटखालचं तापमान आणखी वाढतं. पहिला अर्धा तास सर्वांत वाईट.

या वेळी तीन वेगळे दोष एकसारखे दिसतात, आणि त्यांतल्या पहिल्या दोघांचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

पहिला, पेट्रोलची वाफ अडकणं. पंपात किंवा पाइपात पेट्रोल उकळतं, आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. खूण: पेट्रोलचा वास नाही, घशात धार उडत नाही, प्लग कोरडा. बॉनेट उघडा, सावलीत १५-२० मिनिटं थांबा. घाई असेल तर जुन्या चादरीचा तुकडा पाण्यात भिजवून एसी पंपावर आणि पाइपवर ठेवा. कॉइल, डेल्को यांच्यावर पाणी जाऊ देऊ नका.

दुसरा याच्या उलट: कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडतं. खूण: बॉनेट उघडताच पेट्रोलचा भपकारा, प्लग ओला. इथे चोक पूर्ण आत ढकला, एक्सलेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि ८-१० सेकंद सेल्फ मारा. पंप केल्यासारखा दाबू-सोडू नका, प्रत्येक दाबाला आणखी एक धार आत जाते. चोक ओढून ओली केलेली गाडीही अशीच सुटते. दोन-तीन प्रयत्नांत नाही सुटली तर प्लग काढून पुसा आणि प्लगशिवाय चार-पाच सेकंद सेल्फ मारून सिलिंडर कोरडे करा. मात्र तेव्हा कॉइलच्या प्लसची वायर काढलेली असली पाहिजे.

तिसरा दोष विजेचा. कॉइल किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूल तापलं की आतली जोडणी सुटते, गार झाल्यावर परत जुळते. म्हणूनच गाडी तापलेली असतानाच करंट तपासायचा. थांबून गार केलीत की वाफ होती की कॉइल हे कधीच कळणार नाही.

वाफेचा त्रास अलीकडेच सुरू झाला असेल तर मागची दुरुस्ती आठवा. एसी पंप आणि इंजिन यांच्यामध्ये, तसंच कार्बोरेटरखाली, काळ्या फायबरचा जाड ठोकळा असतो. तो उष्णता अडवतो. पंप बदलताना तो तुटला म्हणून नुसतं पातळ पॅकिंग लावलेलं असतं. ठोकळा परत बसवा, त्रास बराचसा जातो.

करंटही आहे, पेट्रोलही आहे

मग टायमिंग किंवा कॉम्प्रेशन. डेल्को धरणारा बोल्ट ढिला होऊन डेल्को फिरलाय का बघा. कॉम्प्रेशन गेज लावताना सगळे प्लग काढा आणि एक्सलेटर पूर्ण दाबा. १५० पीएसआयच्या आसपास असेल तर चांगलं, १०० च्या खाली असेल तर गाडी चालू होणं कठीण. भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाकून आकडा चढला तर रिंगा गेल्यात. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. प्लग परत लावताना आटे बोटांनी धरवा, बऱ्याच गाड्यांत हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. तिरका लावलेला प्लग महाग पडतो.

एमपीएफआय असेल तर

किल्ली ऑन केल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर कॉम्प्युटरला वीज नाही: फ्यूज, मेन रिले. मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून दोन सेकंद गुंजारव ऐकू यायला हवा, तो पेट्रोल पंप. नाही आला तर शेजारचा तसाच रिले बदलून बघा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जराही हलत नसेल तर क्रँक सेन्सर संशयित. किल्लीचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने गाडी अडवली आहे, दुसरी किल्ली लावा. या गाड्यांचे प्लग पेट्रोलने ओले झाल्यावरही एक्सलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. बहुतेक कॉम्प्युटर त्या वेळी पेट्रोल बंद करतात.

जुनी डिझेल जीप, सुमो, ट्रॅक्स

इथे सायलेन्सरकडे बघा. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही: हीटर प्लग गेलेत, कॉम्प्रेशन कमी आहे किंवा पंपाचं टायमिंग हललंय. गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, जानेवारीच्या पहाटे कुरकुरणारी आणि दुपारी बिनबोभाट चालू होणारी गाडी असेल तर हीटर आधी बघा. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. बंद करायची तार ओढलेल्या जागीच अडकलीय का पाहा. पंपावर सोलेनॉइड असेल तर किल्ली ऑन करताना टक्क आवाज यायला हवा. तेही ठीक असेल तर गाडीने हवा घेतली आहे. टाकी कोरडी पडल्यावर किंवा फिल्टर बदलल्यावर हे होणारच. हवा अशी काढा:

१. टाकीत निदान ५ लिटर डिझेल टाका.

२. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू दोन आटे ढिला करा. हँड पंप मारत राहा. फेस येईल, मग बुडबुड्यांशिवाय सलग डिझेल. धार चालू असतानाच स्क्रू आवळा.

३. पंपावरच्या हवेच्या स्क्रूला हेच करा.

४. नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट नोझलच्या बाजूने अर्धा ते एक आटा ढिले करा आणि सेल्फ मारा. डिझेल ठिबकलं की एकेक आवळत जा. दोन-तीन आवळेपर्यंत इंजिन अडखळत पकडतं. नटाजवळ बोट धरू नका, त्या दाबाची फवारणी कातडीच्या आत शिरते आणि तेव्हा थेट दवाखाना गाठावा लागतो.

५. हवा काढूनही दुसऱ्या दिवशी सकाळी तोच प्रकार झाला तर टाकी ते फीड पंप पाइपच्या क्लिपा आणि वॉशर बदला. तांब्याचे वॉशर पुन्हा वापरलेले असतात, रात्रभर तिथूनच हवा आत शिरते आणि डिझेल टाकीत परत उतरतं.